इमारतीत उणे सात माणसं

आमच्या ऑफिसातली वाईट बातमी नेहमी शंकासुर आणतो. त्याला आईवडिलांनी ठेवलेलं एक चांगलं नाव आहे, पण दिवसभर "असं तर नसेल ना, तसं तर नसेल ना" करणाऱ्या माणसाला चांगलं नाव टिकत नाही. त्या दिवशी तो माझ्या खोलीत आला, मोबाइलचा टॉर्च थेट माझ्या डोळ्यांवर मारला आणि म्हणाला, "मॅडम, राखणदार गेला."

"गेला म्हणजे?"

"बंद. तिन्हीवर बंद. म्हणूनच दिवे आले नाहीत ना."

आमची खोली तळघरात आहे. तिथे दिवे नसले की स्वतःचा हातही दिसत नाही. सकाळपासून मी अंधारात बसून कोणाला तरी शिव्या देत होते, फक्त कोणाला ते कळत नव्हतं. आता कळलं.

राखणदार हा माणूस नाही. सर्व्हरवर पडद्यामागे चालणारा तो एक प्रोग्राम आहे. त्याला ना खिडकी ना बटण, आहे हे कळतं ते फक्त नसला की. काम एकच. इमारतीत माणसं आहेत तोवर दिवे, लिफ्ट, एसी, कॉफीचं मशीन, अगदी संडासातलं पाणीसुद्धा चालू ठेवायचं. शेवटचा माणूस बाहेर पडला की सगळं बंद करून स्वतःही झोपायचं. सकाळी माणसं आली की उठायचं. आमचे तीन सर्व्हर आहेत, थोरली, मधली आणि धाकटी. राखणदार एका वेळी एकीकडेच राहतो, ती आजारी पडली की दुसरीकडे मुक्काम हलवतो. म्हाताऱ्या आईवडिलांना मुलं वाटून घेतात ना, तशी सोय.

"बंद करून चालू करा," कोपऱ्यातून आवाज आला.

"बाबा, तो बंदच आहे."

"मग अर्धं काम झालंच की."

बाबा म्हणजे माझे सासरे. ते तिथे का बसले होते हे सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच येणार आहे.

बाबांनी उभा जन्म याच ऑफिसात काढला. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, भाषणं झाली, टेबलावरच्या वस्तू भरायला ऑफिसने एक पुठ्ठ्याचं खोकं दिलं, ते घेऊन घरी आले. पहिल्या आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. दुसऱ्या आठवड्यात सासूबाईंच्या फोनची वेळ मोजायला लागले. "बहिणीशी एवढं काय बोलायचं असतं?" सासूबाई मला म्हणाल्या, "अगं, एक तर यांना कुठेतरी ने, नाहीतर मला तरी ने." इथवर गंमत होती. मग त्यांनी डबे लावणं सोडलं. रोज सकाळी आंघोळ करून, कपडे घालून, पायांत बूट चढवून पलंगाच्या कडेला बसायचे. कुठे जायचं नसायचं. दुपारी जेवायचे तेही बूट घालूनच. हाक मारली की ओ द्यायला वेळ लागायचा. नवरा म्हणायचा, वय झालं. वय कसलं? माणूस डोळ्यांदेखत विझत होता. मी रागीट आहे, पण मला ते बघवत नसे.

आणि एका सकाळी ते ऑफिसात हजर. कसे आले कोणी विचारलं नाही. आल्या आल्या माझ्या खोलीतली मोडकी खुर्ची पकडली आणि चार लोकांना फुकटचा सल्ला देऊन संध्याकाळी घरी गेले. त्या रात्री त्यांनी दोनदा आमटी मागून घेतली. तेव्हापासून रोज अकराला येतात. उपयोग म्हणाल तर शून्य. त्यांच्या काळातली यंत्रं आता भंगारातसुद्धा मिळत नाहीत. पण येतात. गेटवरच्या पहारेकऱ्याने एकदा त्यांना पाहुण्याचं कार्ड देऊ केलं, तर ते दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. "मी पाहुणा आहे का?" असं घरी मला विचारलं. प्रश्न इतक्या गंभीरपणे विचारला की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

तर त्या दिवशी बाबा खुर्चीत, शंकासुर टॉर्च धरून आणि मी कीबोर्डवर. राखणदार चालू केला. एक सेकंद चालला, बंद झाला. पुन्हा चालू केला. पुन्हा तेच. मधलीवर हलवला, धाकटीवर हलवला. तिथेही तेच. डिस्क रिकाम्या होत्या, मेमरी भरपूर होती, नेटवर्क ठणठणीत होतं. गंमत म्हणजे कुठेच चूक दाखवत नव्हता. एखादा प्रोग्राम मरतो तेव्हा आरडाओरडा करून मरतो. हा आपला शांतपणे उठायचा, इकडेतिकडे बघायचा आणि म्हणायचा, "काम नाही. झोपतो."

"मॅडम, तो बंद पडलेला नाही," शंकासुर म्हणाला. "तो बंद होतोय. स्वतःच्या मर्जीने."

झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. पण हा सोंगही घेत नव्हता. त्याला खरोखरच वाटत होतं की इमारतीत कोणी नाही. मी त्याला विचारलं, म्हणजे विचारायची कमांड दिली, की बाबा रे, तुझ्या हिशेबाने आत किती माणसं आहेत?

उत्तर आलं, उणे सात.

मी डोळे चोळले. शंकासुराने टॉर्च स्क्रीनवर मारला, जणू स्क्रीनला उजेडाची गरज होती.

"उणे?" बाबा म्हणाले. "उणे माणूस कसा असेल?"

"तेच तर," शंकासुर म्हणाला. "असं तर नसेल ना, की आपण..." पण पुढचं वाक्य त्याचं त्यालाच झेपलं नाही. तेवढ्यात वरून निरोप आला की साहेबांनी मीटिंग बोलावली आहे.

साहेब नवे. येऊन महिनाच झाला होता. चांगले शिकलेले, नीटनेटके, आणि "मूळ कारण" या दोन शब्दांवर त्यांचा फार जीव. चहा गार आला तरी मूळ कारण विचारायचे. मीटिंग पाचव्या मजल्यावर, लिफ्ट बंद, त्यामुळे सगळे धापा टाकत पोचले. खोलीतल्या काचा उन्हासाठी काळ्या केलेल्या, दिवे नाहीत. टेबलाभोवती दहाबारा जण एकमेकांचे फक्त श्वास ऐकत बसलो होतो. मी उणे सात सांगितलं.

मग भरती विभागाच्या बाईंनी घसा साफ केला. "उणे सात म्हणजे सात जागा रिकाम्या आहेत असं धरायचं का? मी जाहिरात देते."

"बाई," शंकासुराचा आवाज आला, "सात जण भरले तर शून्य होतील. म्हणजे आत्ता आहोत ते आपण सगळे आणि वर ते सात, मिळून कोणीच नाही."

"मग आठ भरू."

"मग एक होईल. तो एक कोण?"

"कोण म्हणजे, साहेबच असतील," बाई म्हणाल्या. नोकरी कशी टिकवावी हे बाईंकडून शिकावं.

साहेबांनी टेबलावर बोटं वाजवली. "मला त्या उणे सात जणांची नावं हवीत."

"साहेब, ते नाहीयेत," मी म्हटलं.

"नाहीत ते शून्य. मला कळतं. पण हे नसण्यापेक्षाही कमी आहेत. असा कामचुकारपणा मी कुठल्याच ऑफिसात पाहिला नाही." अंधारात ते उभे राहिलेले मला आवाजावरून कळलं. "आज संध्याकाळपर्यंत मूळ कारण. आणि ज्या माणसामुळे हे झालंय, तो उद्यापासून या इमारतीत पाऊल ठेवणार नाही. मग तो कोणीही असो. पटलं?"

"पटलं," असं मीच सगळ्यांत मोठ्यांदा म्हटलं. माझा राग कोणावर तरी काढायला मला माणूस हवाच होता.

साहेबांनी लगेच शिरगणतीचा हुकूम सोडला. शंकासुर मजल्यामजल्यावर जाऊन टॉर्चने डोकी मोजून आला. त्या दिवशी अर्धं ऑफिस बाहेर प्रशिक्षणाला गेलेलं, तरी डोकी बरीच भरली. मी तो आकडा घेतला, त्यात राखणदाराचे उणे सात धरले आणि फरक काढला. दोनशेच्या आसपास आला. म्हणजे राखणदार दोनशे माणसांनी चुकत होता. पण कधीपासून? एका रात्रीत दोनशे माणसं कोणी चुकत नाही.

मग मला सकाळ आठवली. गेले कित्येक महिने आमच्या इमारतीत सकाळी दिवे उशिरा येत होते. आधी आठाला यायचे, मग साडेआठला, मग नऊ वाजून गेले तरी नाही. लोक कुरकुरले आणि मग आमच्या लोकांची जी रीत, ती त्यांनी केली. तक्रार करण्याऐवजी तेच उशिरा यायला लागले. अंधारात लवकर येऊन करायचं काय? संध्याकाळी दिवे आधीच जायचे, ती त्यांनी घरी जायची खूण मानली. आता सगळं डोळ्यांसमोर आलं. राखणदार रोज रात्री शून्यावर झोपायच्या ऐवजी उणेमध्ये झोपत होता, आणि रोज आदल्या दिवसापेक्षा थोडा खोल. सकाळी माणसं आत यायची ती आधी तो खड्डा भरण्यात खर्ची पडायची. खड्डा भरून पहिला माणूस वर दिसला की हा उठायचा. आज प्रशिक्षणामुळे माणसं कमी आली, आणि खड्डा भरलाच नाही.

"पण रोज एक माणूस खड्ड्यात पडतोच कसा?" शंकासुराने विचारलं.

मी गेटचा विचार करायला लागले. गेट मागच्या वर्षी बदललं. आत येताना कार्ड टेकवायचं, एक माणूस वाढतो. हजेरी लागते म्हणून कार्ड टेकवायला कोणी चुकत नाही. बाहेर जाताना कार्ड नको. दारातून कोणीही बाहेर गेलं की वर बसवलेला सेन्सरचा डोळा त्याला बघतो आणि एक कमी करतो. म्हणजे असा एखादा असला पाहिजे जो रोज बाहेर जातो पण आत येत नाही.

"हे तर अशक्य आहे," शंकासुर म्हणाला.

"बंद करून चालू करा," बाबा म्हणाले आणि आपलं खोकं खुर्चीखाली सरकवलं.

मी त्या खोक्याकडे बघितलं. मग बाबांकडे. मग मनातल्या मनात मोजलं. गेट बदलल्यापासून ऑफिसचे किती दिवस भरले असतील? जवळजवळ तेवढेच, जेवढा फरक. फरक फक्त चारने कमी. मागे बाबांची दाढ दुखली होती तेव्हा ते चार दिवस घरी होते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझा कळसा तर रोज रात्री माझ्याच घरी जेवत होता.

"बाबा," मी हळूच विचारलं, "तुम्ही आत कसे येता?"

"चालत."

"तसं नाही. कार्ड तर नाही तुमच्याकडे."

बाबा खूश झाले. हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून ते तीन वर्षं थांबले होते जणू. "अगं, सोपं आहे. खोकं दोन्ही हातांनी धरायचं आणि दारासमोर उभं राहायचं. जरा वाकून, जड असल्यासारखं. कोणीही दार धरतं. तीन वर्षांत मला एका मिनिटाच्या वर उभं राहावं लागलेलं नाही. आपल्या ऑफिसातली माणसं चांगली आहेत."

"आणि खोक्यात काय असतं?"

"काही नाही. ते रिकामं असतं."

ते तेच खोकं होतं, निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने दिलेलं. कडांना चिकटपट्टी लावून लावून जपलेलं.

शंकासुर माझ्याकडे बघत होता. त्यालाही हिशेब लागला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला शंका आली नव्हती. मूळ कारण माझ्यासमोर मोडक्या खुर्चीत बसून जॅकेटचं बटण लावत होतं. साहेबांना ते सांगितलं तर उद्या सकाळी बाबा पुन्हा पलंगाच्या कडेला, पायांत बूट घालून. या वेळी तिथून त्यांना कोणी उठवू शकलं नसतं. मला ते नको होतं. राखणदार, साहेब, तिन्ही सर्व्हर गेले खड्ड्यात, मला ते नको होतं.

"शंकासुरा," मी म्हटलं, "मी आकडा शून्य करते. गेटचा डोळा बिघडला होता म्हणून सांगू."

"डोळा नवा आहे, मॅडम. कंपनीवाले येऊन तपासतील."

"मग मधलीवर घाल."

"मधली बिचारी..." त्याला मधलीचं वाईट वाटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची वेळ आली की आमच्या शंकासुराचं काळीज द्रवतं.

आम्ही कुजबुजत होतो तोवर साहेबांनी स्वतःच उपाय काढला होता. भोंगा वाजला. सगळ्यांनी बाहेर पडायचं. इमारत पूर्ण रिकामी करायची, आकडा शून्य करायचा आणि मग एकेकाने कार्ड टेकवून आत यायचं, साहेबांच्या डोळ्यांसमोर. आत गेलेली डोकी आणि मशीनचा आकडा जुळला पाहिजे. जिथे जुळणार नाही तिथे मूळ कारण सापडलं.

"बाबा, तुम्ही इथेच बसा," मी म्हटलं. "खुर्चीखाली बसा हवं तर."

पण भोंगा वाजला आणि बाबा बसून राहिले, असं त्यांच्या नोकरीत कधी घडलं नव्हतं. मी वळेपर्यंत ते खोकं घेऊन जिन्याकडे निघालेसुद्धा होते. बाहेर पडणाऱ्यांच्या रांगेत ते पहिले होते. मागच्यांना "ढकलू नका, ढकलू नका" असं सांगत होते.

अंगणात सगळं ऑफिस उभं. ऊन लागत होतं, पण निदान उजेड होता. सकाळपासून पहिल्यांदाच आम्ही एकमेकांची तोंडं बघत होतो. मी फोनवरून आकडा शून्य केला. साहेब दारापाशी उभे राहिले, पहारेकरी त्यांच्या शेजारी मोठ्यांदा मोजायला लागला. एकेक जण कार्ड टेकवत आत जात होता आणि गंमत बघा, प्रत्येक जण आत गेल्यावर सवयीने मागच्यासाठी दार धरत होता. साहेब दरवेळी ओरडत होते, "दार सोडा! दार सोडा!" लोक दार सोडायचे, "सॉरी" म्हणायचे आणि पुढचा माणूस पुन्हा तेच करायचा.

मी मुद्दाम मागे राहिले. बाबांना म्हटलं, "घरी जाऊ या का आज? आईंनी लवकर बोलावलंय."

"कामाच्या वेळेत?" बाबा म्हणाले.

शेवटी पहारेकरी सोडून आत गेले नव्हते ते तिघे, मी, बाबा आणि साहेब. साहेबांनी मला हाताने खूण केली. जाण्याशिवाय इलाज नव्हता. मी कार्ड टेकवलं, आत गेले आणि काचेतून बघत राहिले. मग साहेबांनी आपलं कार्ड टेकवलं, दार उघडलं, आत एक पाऊल टाकलं, आणि मागे वळून बघितलं.

मागे बाबा उभे होते. खोकं दोन्ही हातांत, जरासे वाकलेले.

साहेबांचा हात आपोआप दाराकडे गेला. "या काका, या," ते म्हणाले. "सांभाळून, पायरी आहे."

बाबा आत आले. "थँक्यू," म्हणाले, आणि तळघराच्या जिन्याकडे वळले.

दार बंद झालं. पहारेकऱ्याने आपला आकडा सांगितला. मी माझा सांगितला. माझा एकाने कमी होता.

"कुठे चुकला?" साहेब गरजले. "नेमका कोणापाशी चुकला?"

पहारेकरी सरळ माणूस. तो म्हणाला, "तुमच्यापाशी, साहेब. दार तुम्ही धरलंत."

मी घाईघाईने फोनवरून राखणदार पुन्हा चालू केला. वरच्या मजल्यांवर दिवे लागत गेले, एसी घुरघुरला, लांब कुठेतरी कॉफीचं मशीन खोकलं. राखणदार उठला होता. त्याला एक माणूस कमी दिसत होता, पण बाकीचे आम्ही सगळे दिसत होतो.

"त्यांच्या दोन्ही हातांत खोकं होतं," साहेब म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा खाली आला होता. "काका, थांबा. काय आहे त्या खोक्यात?"

बाबांनी खोकं पुढे केलं. साहेबांनी आत बघितलं. मग आमच्या सगळ्यांकडे बघितलं. रिकाम्या खोक्याला विचारता येईल असा प्रश्न त्यांना सुचेना. शेवटी ते बाबांनाच म्हणाले, "तुम्ही कोण?"

"मी निवृत्त आहे."

"मग इथे काय करता?"

बाबांनी खरंच विचार केला. मला वाटलं आता सल्ला देतील. पण ते म्हणाले, "येतो."

तेवढंच. खोकं छातीशी धरून उभे राहिले, आणि त्या क्षणी ते मला फार म्हातारे दिसले.

मी तोंड उघडणार होते. सासरे माझे आहेत, मला काढा, त्यांना येऊ द्या, असलं काहीतरी मूर्खासारखं बोलणार होते. पण शंकासुर आधी बोलला. "साहेब, एक शंका आहे. ज्याच्यामुळे आकडा चुकला तो उद्यापासून इमारतीत पाऊल ठेवणार नाही, असं आपण म्हणाला होतात. तर आजचा आकडा... म्हणजे हिशेबाने बघितलं तर..."

भरतीच्या बाईंनी त्याला कोपर मारलं. पण शंका निघाली ती निघालीच.

साहेबांनी दाराकडे बघितलं. आपल्याच हाताने आपल्याला फसवलं, असं तोंड झालं होतं त्यांचं. मग त्यांनी टाय सैल केला. "मॅडम," ते मला म्हणाले, "मूळ कारण काय लिहिणार आहात?"

"दार धरायची सवय."

"उपाय?"

"माणसांवर नाही. मशीनवर करता येईल."

"मग मशीनला समजवा," असं म्हणून ते जिन्याने वर गेले. लिफ्ट चालू झालीय हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

बाबांना कार्ड देता आलं नसतं, ते नोकरीत नव्हते. पाहुण्याचं कार्ड त्यांनी घेतलं नसतं. म्हणून मी राखणदारात एकच ओळ लिहिली. सुट्ट्या सोडून रोज संध्याकाळी आकड्यात एक मिळवायचा. वर एक सूचना लिहिली, "ज्याला कारण माहीत आहे त्याने हे बदलू नये, ज्याला माहीत नाही त्याने विचारू नये." आमच्या धंद्यात अशा ओळी लिहिणाऱ्याला मी स्वतः फाडून खाते. पण दिवे वेळेवर यायला लागले, आणि लोकही. बाबा अकराला येत राहिले. ते दिसले की साहेब दार धरत आणि तोंड दुसरीकडे करत.

असं वर्षभर चाललं.

मग एका रविवारी सकाळी बाबा चिकटपट्टी लावलेलं खोकं उचलायला वाकले आणि खालीच बसले. डॉक्टर आले, छाती तपासली, मला बाहेरच्या खोलीत नेलं आणि सांगितलं की आता घराबाहेर पडायचं नाही. थोडे दिवस नाही, कायमचंच. हे बाबांना कोणी सांगायचं यावर आम्ही तिघं, मी, नवरा आणि सासूबाई, एकमेकांची तोंडं बघत राहिलो. सांगावं लागलं नाही. बाबा आतून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले आणि संध्याकाळी परत आले तर बाबा पलंगाच्या कडेला बसलेले, पायांत बूट. सासूबाई दारात उभ्या होत्या. एरवी घरात बूट म्हटलं की ज्यांचा पारा चढायचा त्या मला म्हणाल्या, "सकाळपासून तसेच आहेत गं. मी काही बोलले नाही. बोलवेना." आणि डोळ्यांना पदर लावून स्वयंपाकघरात गेल्या.

मी बाबांच्या शेजारी बसले. मला रागावता येतं, समजूत काढता येत नाही. तेवढ्यात फोन वाजला. गेटवरचा पहारेकरी होता.

"मॅडम, इमारत झोपत नाहीये. सगळे गेले, पण दिवे बंद होईनात. लिफ्टसुद्धा चालू आहे. मशीन म्हणतंय आत एक माणूस आहे. मी सगळे मजले फिरून आलो. कोणी नाहीये आत."

माझीच ओळ. रोज संध्याकाळी एक मिळवायचा. आज तो एक बाहेर पडलाच नव्हता, त्यामुळे उरला होता.

"काय झालं?" बाबांनी विचारलं. "राखणदार गेला का?"

"नाही बाबा. चालू आहे. आत कोणीतरी राहिलंय म्हणतोय."

"कोण राहिलंय?"

"तुम्ही."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी थट्टा करतेय की काय हे त्यांनी जरा वेळ निरखलं. "मी? ऑफिसात?"

"मशीनच्या हिशेबाने तुम्ही आत आहात. एकटेच आहात."

फोनमध्ये पहारेकरी विचारत होता, "मॅडम, काय करू? मेन स्विच काढू का?"

बाबा हळूहळू वाकले आणि डाव्या बुटाची नाडी सोडायला लागले. मी मदतीला हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला. एक बूट काढला, मग दुसरा. दोन्ही नीट जोडीने पलंगाखाली, खोक्याच्या शेजारी ठेवले. मग पाय वर घेऊन भिंतीला टेकून बसले.

"राहू दे म्हणावं दिवे," ते म्हणाले. "माणूस आहे आत."